भरपाईचा आकडा आणि भरपाईचं नाव

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकला तर सांगा. जपान आणि दक्षिण कोरिया यांच्यात जुन्या जपानी राजवटीच्या हिशेबाबद्दल १९६५ साली करार झाला, पैसेही दिले गेले, 'विषय संपला' असं लिहूनही झालं. तरी २०१५ मध्ये पुन्हा समझोता करावा लागला, तोही तीन वर्षांत बारगळला आणि २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी कंपन्यांना सक्तीने राबवलेल्या मजुरांना भरपाई द्यायला सांगितलं. तुम्ही विचारता की इतके हुशार लोक टेबलावर असताना एक आकडा कायमचा का ठरत नाही? आणि यात दोष देशांतर्गत राजकारणाचा, की कुणीतरी मुळातच अप्रामाणिक आहे?

मी इतिहासकार नाही. सव्वीस वर्षं पुण्यात जपानी दुभाषी म्हणून काम करते, मधे थोडी कोरियनही शिकले. आयुष्य गेलं चाकण-रांजणगावच्या मीटिंग रूममध्ये. पण या करारांचे मसुदे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवत आले आहे, कारण दुभाष्याने काय टिपायला हवं हे त्यांच्याइतकं चांगलं दुसरं काही शिकवत नाही. उत्तर त्या बाजूने देते.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे: भांडण आकड्याचं आहे. माझ्या अनुभवात आकडा फार वेळ घेत नाही. वेळ लागतो तो त्या पैशाला काय म्हणायचं यावर.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी इथल्या एका कारखान्याने जपानहून प्रेसच्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, मागवल्या. त्यात खोट निघाली आणि लाइन अकरा दिवस बंद राहिली. जपानहून तिघे आले. चहा संपायच्या आत रक्कम जवळजवळ ठरली, इकडे-तिकडे दोन-चार लाखांचा फरक. मग संध्याकाळचे सात वाजले, कशावरून? तर इकडचे प्लांट हेड युनियनला आणि एमडींना सांगून बसले होते की मी 'नुकसानभरपाई' घेऊनच येतो. आणि समोरच्या विभागप्रमुखांना 'बाइश्यो' म्हणजे नुकसानभरपाई हा शब्द कागदावर चालतच नव्हता. तो शब्द आला की त्यांच्या मुख्यालयात चूक कुणाची याची चौकशी, विमा कंपनी, संचालक मंडळाला अहवाल, सगळं मागे लागतं. त्यांना हवं होतं 'तांत्रिक सहकार्य'. शेवटी एकाच कागदावर दोन परिच्छेद आले. पहिल्यात सहकार्याची रक्कम, दुसऱ्यात 'उभय पक्षांतील प्रश्न सुटला आहे'. पहिल्यामुळे दुसरं झालं, असं कुठेच लिहिलं नव्हतं. दोघांनी आपापल्या घरी आपापला परिच्छेद वाचून दाखवला.

आता १९६५ चा करार उघडा. त्याचं शीर्षकच आहे 'मालमत्ता व दावे यांविषयीच्या प्रश्नांचा निपटारा आणि आर्थिक सहकार्य'. कलम १ मध्ये जपान पैसे देतो. कलम २ मध्ये दाव्यांचा प्रश्न 'पूर्णपणे आणि अंतिमतः' सुटल्याचं दोन्ही देश मान्य करतात. पहिलं दुसऱ्याचा मोबदला आहे असं एकही वाक्य नाही. सोलमध्ये सरकारने लोकांना सांगितलं की दाव्याचे पैसे मिळाले. टोक्योत परराष्ट्रमंत्री शिइना यांनी संसदेत सांगितलं की हे आर्थिक सहकार्य आहे, नव्या देशाच्या वाटचालीला शुभेच्छा म्हणून. कागद एकच होता, आणि दोन्ही सरकारं मसुद्याच्या दृष्टीने खोटं बोलत नव्हती.

इथपर्यंत यायला चौदा वर्षं गेली. ती का गेली हे थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

जपानने १९१० मध्ये कोरिया आपल्या राज्यात सामील करून घेतला आणि १९४५ पर्यंत राज्य केलं. महायुद्धानंतर जपानशी तह करायला भरलेल्या १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को शांतता परिषदेत कोरियाला जागा मिळाली नाही, त्यामुळे हिशेब दोघांनी आपसात करायचा होता. प्राथमिक बोलणी त्याच वर्षी सुरू झाली. जानेवारी १९५२ मध्ये दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी समुद्रात एक रेषा आखली आणि तिच्या आत येणाऱ्या जपानी मासेमारी बोटी पकडायला सुरुवात केली. कोरियात ही रेषा लोकप्रिय होती. जपानमध्ये पकडलेल्या खलाशांची कुटुंबं हा एक नवा दबावगट तयार झाला. जपाननेही उलटा दावा लावला होता: कोरियात राहून गेलेल्या जपानी लोकांच्या खासगी मालमत्तेचं काय? मायदेशी परतलेली लाखो माणसं तिकडे मतदार होतीच.

मग ऑक्टोबर १९५३. जपानचे मुख्य प्रतिनिधी कुबोता कान्इचिरो यांना कोरियन बाजू म्हणाली, तुम्ही मालमत्ता मागणार असाल तर आम्ही छत्तीस वर्षांच्या राजवटीची भरपाई मागू. कुबोतांनी उत्तर दिलं की जपाननेही रेल्वे बांधली, बंदरं उभारली, भातखाचरं वाढवली, उजाड डोंगरांवर झाडं लावली. बोलणी तिथेच मोडली आणि पुढे चार वर्षं बंद राहिली. माझ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट कुबोतांचं बोलणं नाही. प्रतिनिधी रागाच्या भरात काहीतरी बोलून जातात, मी ते रोज ऐकते, आणि चांगला दुभाषी त्यातलं अर्धं गिळतो. महत्त्वाचं हे की टोक्योत त्यांना कुणी झापलं नाही, उलट परराष्ट्रमंत्र्यांनी पाठराखण केली. त्या क्षणी टेबलावरचं वाक्य सरकारचं वाक्य झालं, आणि ते मागे घेणं म्हणजे घरात हरणं झालं. ते विधान आणि मालमत्तेचा उलटा दावा जपानने मागे घेतला तो १९५७ च्या शेवटच्या दिवशी.

१९६० मध्ये विद्यार्थ्यांच्या उठावाने ऱ्ही यांची सत्ता गेली, १९६१ मध्ये लष्करी उठाव करून पार्क चुंग-ही आले. त्यांना कारखाने उभे करायला पैसा तातडीने हवा होता. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांच्या गुप्तचर खात्याचे प्रमुख किम जोंग-पिल आणि जपानचे परराष्ट्रमंत्री ओहिरा मासायोशी टोक्योत भेटले आणि एका टिपणावर आकडा उतरला: ३० कोटी डॉलर मदत म्हणून, २० कोटी सवलतीच्या कर्जाचे, वर १० कोटींपेक्षा जास्त व्यापारी कर्ज. कोरियाची सगळी निर्यात १० कोटी डॉलरला पोचली तीच मुळी १९६४ मध्ये, यावरून रक्कम केवढी होती याची कल्पना येईल. म्हणजे आकडा १९६२ लाच ठरला होता. सही व्हायला आणखी अडीच वर्षं लागली.

ती अडीच वर्षं गेली दोन गोष्टींत. एक म्हणजे रस्ता. टिपण गुपचूप झालं होतं, आणि गुपचूप झालेल्या गोष्टीचा वास लागला की लोकांना तिच्यात असेल त्यापेक्षा जास्त दिसतं. मार्च १९६४ पासून सोलमध्ये विद्यार्थी 'मानहानीच्या मुत्सद्देगिरी'विरुद्ध रस्त्यावर उतरले, ३ जूनला मार्शल लॉ लावावा लागला, किम जोंग-पिल यांना पक्षातलं पद सोडावं लागलं. त्या वेळी पकडलेल्या विद्यार्थी नेत्यांत एक ली म्युंग-बाक होते. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे एक क्रियाविशेषण. कोरिया जपानच्या ताब्यात देणारे १९१० आणि त्याआधीचे करार रद्द, हे दोघांना मान्य होतं. पण कधीपासून? कोरियाला हवं होतं मुळापासूनच रद्द, म्हणजे राजवटच बेकायदा. जपानला हवं होतं की तेव्हा वैध होते, नंतर संपले. तोडगा निघाला तो इंग्रजीतल्या 'ऑलरेडी' या एका शब्दाने. जपानीत 'मोहाया', कोरियनमध्ये 'इमी'. मी दर वर्षी विद्यार्थ्यांना हे वाक्य मराठीत करायला देते. निम्मे 'आता रद्द' लिहितात, आणि मी सांगते की कोरियन शिष्टमंडळ उठून गेलं. काही 'मुळातच रद्द' लिहितात, तेव्हा जपानी उठतात. कधीतरी एखादी मुलगी 'केव्हाच रद्द झालेले' लिहिते. ते बरोबर. 'केव्हाच' म्हणजे नेमकं केव्हा हे आपल्या भाषेतही कुणी विचारत नाही.

२२ जून १९६५ ला सही झाली. ऑगस्टमध्ये कोरियाच्या संसदेत मंजुरी मिळाली तेव्हा विरोधी बाकं रिकामी होती. जपानमध्येही सत्ताधाऱ्यांनी बहुमताच्या जोरावर रेटून नेलं. तिथल्या डाव्यांचा आक्षेप वेगळाच होता: यामुळे कोरियाची फाळणी पक्की होते. दोन्ही संसदांत जे लोक बाहेर राहिले, त्यांचा या कराराशी पुढे काहीही संबंध उरला नाही, आणि त्यांच्यातलेच काही पुढे सत्तेवर येणार होते.

पैशाचं काय झालं? पोहांगचा पोलाद कारखाना, सोल ते बुसान महामार्ग, सोयांगचं धरण. युद्धकाळात जपानने सक्तीने नेलेल्या मजुरांपैकी जे मेले, त्यांच्या कुटुंबांना १९७० च्या दशकात सरकारने माणशी ३ लाख वॉन दिले. जिवंत परतलेल्यांना त्या वेळी काहीच नाही. २००५ मध्ये कोरियन सरकारने वाटाघाटींची कागदपत्रं खुली केली, तेव्हा लोकांना कळलं की व्यक्तींना थेट पैसे देण्याचा विषय जपानी बाजूने बोलण्यांत काढला होता आणि आपल्याच सरकारने 'ते आम्ही बघू' म्हणून सांगितलं होतं. माझ्या मते २०१८ चा निकाल समजून घ्यायला हा तपशील कुठल्याही कायद्याच्या मुद्द्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

इथवरचं थोडक्यात: रक्कम ठरली होती, नाव मोघम ठेवलं होतं, विरोधक बाहेर होते आणि ज्यांच्यासाठी पैसे मागितले त्यांच्यापर्यंत ते पोचले नव्हते. यातली एखादीच अडचण असती तर कदाचित निभावलं असतं.

२०१५ कडे येते. युद्धकाळात जपानी सैन्यासाठी लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांचा प्रश्न १९६५ च्या टेबलावर आलाच नव्हता. १९९१ मध्ये किम हाक-सुन पहिल्यांदा नाव-चेहरा घेऊन जाहीरपणे बोलल्या. १९९५ मध्ये जपानने निधी काढला, पण पीडितांना द्यायचे माणशी २० लाख येन लोकांच्या देणग्यांतून जमवले. त्या पैशाला शब्द वापरला 'त्सुगुनाइ', म्हणजे प्रायश्चित्ताच्या जवळचा. कोरियातल्या बऱ्याच जणींनी ते नाकारले. कारण तेच, पैसे सरकारचे नाहीत म्हणजे जबाबदारी सरकारची नाही. पुन्हा नाव आडवं आलं.

२८ डिसेंबर २०१५ ला दोन्ही परराष्ट्रमंत्री सोलमध्ये शेजारी उभे राहिले. जपान सरकारच्या तिजोरीतून १०० कोटी येन, पंतप्रधानांच्या वतीने माफी, आणि प्रश्न 'अंतिमतः व परत न फिरता येण्याजोगा' सुटला अशी घोषणा. सही केलेला कागद नव्हता, दोघांनी वाचून दाखवलं. या स्त्रियांना आधी नीट विचारलेलं नव्हतं. तरीही हयात असलेल्यांपैकी बहुतेकींनी नंतर पैसे घेतले, हे विरोधक सांगत नाहीत आणि समर्थक त्यापलीकडे काही सांगत नाहीत.

पुढे काय झालं ते पाहा. ऑक्टोबर २०१६ मध्ये पंतप्रधान आबे यांना संसदेत विचारलं गेलं की या स्त्रियांना माफीचं पत्र पाठवणार का. त्यांचं उत्तर होतं 'मोओतोओ कांगाएते इनाइ', तसा विचार तिळमात्रही नाही. हे वाक्य सोलसाठी नव्हतंच, ते त्यांच्याच पक्षाच्या उजव्या बाकांसाठी होतं. पण भाषांतर व्हायला मिनिटंही लागत नाहीत. घरच्यांसाठी बोललेलं वाक्य शेजारी ऐकतो, ही या धंद्यातली सगळ्यात जुनी अडचण आहे, आणि मोबाईल आल्यापासून तिला इलाज नाही. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्यावर भलत्याच प्रकरणात महाभियोग आला. त्या पदावरून गेल्या आणि त्यांनी केलेलं सगळंच संशयित ठरलं. बुसानमध्ये जपानी वकिलातीसमोर या स्त्रियांचं प्रतीक असलेल्या मुलीचा पुतळा बसला, जपानने राजदूत माघारी बोलावला. मून जे-इन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, त्यांनी चौकशी समिती नेमली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या पैशातून चालणारी संस्था बंद करायचं जाहीर झालं.

त्याच्या तीनच आठवडे आधी, ३० ऑक्टोबरला, न्यायालयाचा निकाल आला होता: सक्तीने राबवलेल्या चार मजुरांना माणशी १० कोटी वॉन, देणार जपानी पोलाद कंपनी. चौघांपैकी एकच हयात होते, वय ९४. न्यायालयाचा तर्क असा की १९६५ मध्ये सुटले ते आर्थिक दावे. बेकायदा राजवटीने केलेल्या अत्याचाराची भरपाई त्यात येत नाही. बेकायदा? म्हणजे आपण 'केव्हाच' या शब्दाशी परत आलो. त्रेपन्न वर्षं झाकून ठेवलेली मोघम जागा न्यायाधीशांनी वाचली, आणि न्यायाधीशांना 'दोन्ही अर्थ बरोबर' असं लिहिता येत नाही.

जुलै २०१९ च्या सुरुवातीला जपानने कोरियाच्या चिप कारखान्यांना लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर कडक परवाने लावले. त्याच महिन्यात जपानमध्ये वरिष्ठ सभागृहाची निवडणूक होती. कोरियात जपानी बिअर आणि कपड्यांवर बहिष्कार आला, पुढच्या एप्रिलमध्ये त्यांचीही निवडणूक होती. कुणी मुद्दाम तारीख साधली असं मी म्हणत नाही. पण निवडणुकीच्या महिन्यात नमतं घेणारा नेता मी तरी वाचलेला नाही.

आता तुमचा दुसरा भाग, दोष कुणाचा. हे परिस्थितीवर फार अवलंबून आहे, म्हणून सरसकट 'राजकारणामुळे मोडतं' म्हणायला मी तयार नाही. देशांतर्गत राजकारण नसतं तर भरपाई मागितलीच कुणी नसती. आपलंच उदाहरण घ्या. भारताने जून १९५२ मध्ये जपानशी स्वतंत्र शांतता करार केला आणि भरपाईचा हक्क सरळ सोडून दिला. शाळेत हे औदार्य म्हणून सांगतात, आणि ते होतंही. पण ते जमलं, कारण दिल्लीत भरपाई मागत दार ठोठावणारं कुणी नव्हतं. अंदमानात जपानी अमलाखाली लोकांनी जे भोगलं ते कमी नव्हतं, पण त्यांचा आवाज तिथवर पोचत नव्हता. गोड करार कधीकधी असा होतो.

उलट बाजूला पश्चिम जर्मनी आणि इस्रायल, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराची भरपाई. जानेवारी १९५२ मध्ये विरोधी नेते मेनाहेम बेगिन यांच्या भाषणानंतर जमावाने जेरुसलेममध्ये संसदेवर दगडफेक केली, कारण जर्मनीशी पैशांबद्दल बोलणं म्हणजे मेलेल्यांचा सौदा. तरी ६१ विरुद्ध ५० मतांनी बोलणी करायचं ठरलं, आणि ठरलं ते बोलणी सुरू होण्याआधी, भर संसदेत. जर्मनीत चॅन्सेलर आडेनाउअर यांच्या स्वतःच्या आघाडीतले कितीतरी खासदार तटस्थ राहिले, करार मंजूर झाला तो विरोधी समाजवाद्यांच्या मतांवर. म्हणून पुढे सरकार बदललं तरी मोडायला कुणाला कारण नव्हतं. शिवाय तिथे राष्ट्राला दिलेले ३०० कोटी मार्क आणि व्यक्तींना जर्मन कायद्याने मिळणारी भरपाई या दोन वाटा वेगळ्या होत्या. कोरियात त्या एकत्र केल्या आणि दुसरी बुजवली.

अजून एक उदाहरण, फारसं कुणी न सांगणारं. बर्माने १९५४ मध्ये जपानकडून २० कोटी डॉलरचा करार केला, पण त्यात कलम घातलं की इतर देशांशी हिशेब झाल्यावर आमच्या रकमेचा फेरविचार व्हावा. फिलिपिन्सला ५५ कोटी मिळाले, बर्माने ते कलम काढून दाखवलं आणि १९६३ मध्ये आणखी १४ कोटी घेतले. आरडाओरडा झाला असेल, पण करार मोडला नाही, कारण उघडायचं दार त्यातच होतं. 'परत न फिरता येण्याजोगा' हे शब्द जिथे जितके ठसठशीत, तिथे पुढच्या सरकारला हात घालायला जागा एकच उरते, सगळंच नाकारणं. मी मसुदा तपासताना असा शब्द दिसला की पेन्सिलने खूण करते.

२०२३ मध्ये कोरियात राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांच्या सरकारने तोडगा काढला की त्या मजुरांचे पैसे कोरियन कंपन्यांच्या देणगीतून द्यायचे. पहिली मोठी देणगी दिली पोहांगच्या पोलाद कंपनीने, १९६५ च्या पैशावर उभ्या राहिलेल्या. हिशेब म्हणून ते सुबक होतं, पण काही वृद्धांना ते अपमानास्पद वाटलं, कारण देणारा पुन्हा भलताच. युन स्वतः २०२५ मध्ये पदावरून गेले. नंतर आलेले ली जे-म्युंग विरोधात असताना या तोडग्यावर तुटून पडत होते. सत्तेवर आल्यावर मात्र म्हणाले की आधीच्या सरकारांचे करार उलटवणार नाही. मला ते वाचून आश्चर्य वाटलं आणि बरंही वाटलं.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की सही करणाऱ्यांना हे पुढचं दिसत नसतं का. दिसतं. त्या डायच्या मीटिंगनंतर लिफ्टमध्ये जपानी विभागप्रमुख मला म्हणाले, तीन वर्षांनी माझी बदली आहे, तोवर हा कागद टिकेल. चौथ्या वर्षी त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी 'सहकार्य' कसलं आणि ते आपण का दिलं म्हणून विचारणा केली, इकडचे प्लांट हेडही बदलले होते, आणि मला त्याच खोलीत तोच कागद वाचून दाखवायला बोलावलं. दोन्हीकडचे लोक पहिल्या परिच्छेदाकडून दुसऱ्याकडे बोट फिरवत होते आणि मधलं वाक्य शोधत होते.